न मारलेली सोंगटी

पिंप्राळा, जळगाव
२ एप्रिल १९९४

ती. सौ. पुष्पावहिनींना मंजुळाचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. ऊन तापायला लागलंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण तोंड ठणठणीत आहे. यांचं भुसावळचं काम वाढल्यामुळे ते तिकडेच असतात. भाऊंचा खोकला थांबला का?

आता एक विचारते, त्याचं खरं उत्तर द्या. कवड्यांच्या पटाचे नियम तुम्ही मला लिहून पाठवलेत, त्यातला एखादा मुद्दाम गाळलात का?

रागावण्याआधी ऐकून घ्या. पुण्याच्या एका विद्यापीठात खेळांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा निघाली आहे. तिथे मदतनिसाच्या जागेसाठी मी अर्ज केलाय. पगार आणि राहायला खोली. मोठी माणसं सोंगट्या खेळणार आणि सरकार वर पगार देणार, हे वाचूनच मला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं होतं. तरी अर्ज टाकला. अर्जासोबत आपल्या घरचा एक खेळ लिहून मागितला होता, म्हणून तुम्हाला नियम विचारले. तेव्हा कारण सांगितलं नाही, कारण बातमीला पाय फुटतात.

परवा तिथल्या बाईंचं उत्तर आलं. पाकीट सासूबाईंनी आधीच उघडून पुन्हा चिकटवलं होतं. डिंक आमच्याच बाटलीतला, मला वास कळतो. बाई लिहितात, मुलाखतीला या, पण तुमच्या लिहिण्यात काहीतरी राहून गेलंय. लग्न झाल्यापासून दर आखाजीच्या सणाला माहेरी मीच जिंकते, असं मी अर्जात ऐटीत लिहिलं होतं. त्या म्हणतात, आम्ही तुमच्या नियमांनी खूप डाव खेळून पाहिले. या खेळात एकच माणूस दरवर्षी जिंकणं शक्य नाही. राहिलेला नियम घेऊन या.

म्हणजे एकतर मी खोटारडी, नाहीतर तुम्ही काहीतरी लपवलंत.

मग मी आठवायला बसले. लग्नाआधी माय मला ओट्यावर बसवून रडेपर्यंत हरवायची. लग्नानंतर मी एकदाही हरले नाही. मला वाटायचं, माझा हात सुधारला. गेल्या आखाजीचंच घ्या. माझी सोंगटी तुमच्या पुढ्यात उघडी पडली होती, तुम्हाला हवं तेच दान पडलं, आणि तुम्ही भलतीच सोंगटी सरकवलीत. वर म्हणालात, हल्ली दिसत नाही हो नीट. त्याच संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी तुम्ही तांदळातले खडे वेचत होतात. ते मी विसरले नाही.

आता मनात येतं ते लिहूनच टाकते. मी न सांगताही तुम्हाला अर्जाची कुणकुण लागली होती, आणि मी पुण्याला जाऊ नये असं तुम्हाला वाटतं का? की पुणं नाही जमलं तर ही बया कायमची आपल्या दारात येईल, याची धास्ती आहे? दुधाने तोंड पोळलंय वहिनी, म्हणून ताकही फुंकून पितेय. भुसावळला यांचं काम वगैरे काही नाही. त्यांनी तिथे दुसरं बिऱ्हाड केलंय, दिवाळीपासून. सासूबाईंना माहीत होतं. शेजारच्या हसीनाबींनाही माहीत होतं. मलाच शेवटी कळलं. ही जागा मिळाली तर मला कुणाच्या दारात उभं राहायला नको.

तेव्हा तो नियम काय आहे, तेवढा कळवा. पत्र हसीनाबींच्या पत्त्यावर घाला.

कुणावर विश्वास ठेवावा ते न कळणारी,
मंजुळा


शिंदखेडा
९ एप्रिल १९९४

चि. सौ. मंजुळाताई, अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मग ह्यांनी वाचलं. ते जेवले नाहीत, पण खोकला बरा आहे.

नियम गाळला, हे खरं. लिहायचा असतो हे मला सुचलंच नाही. मी नवी नवरी होते, तुमचं लग्न होऊन पहिलीच आखाजी होती. मी तुमच्या दोन सोंगट्या मारल्या, तर सासूबाईंनी, तुमच्या मायने, मला चुलीपाशी बोलावलं. म्हणाल्या, "पोर चार दिन येस वं. तठे ती रोज हारस, आठे जितू दे." सासरी रोज हरणारी पोर इथे तरी जिंकावी, म्हणून तेव्हापासून माझे डोळे आखाजीपुरते अधू होतात. माझ्या माहेरी मीही जिंकते. तिथली भावजय काय करते, ते मी कधी विचारलं नाही.

बाईंना हे खुशाल सांगा. तुम्हाला कळलं याचं मात्र वाईट वाटतं. आता जिंकलात तरी पूर्वीसारखा आनंद व्हायचा नाही.

तुम्ही माझ्यावर संशय घेतलात, त्याचं लागलं. एवढं सगळं एकटीने सोसलंत, त्याचं जास्त लागलं.

मुलाखतीला जा, आणि डोकं वर ठेवून बोला. जागा मिळाली तर आम्ही पेढे वाटू. नाही मिळाली तर पिंप्राळ्याला परत जाऊ नका. चाळीसगावला उतरा, हे घ्यायला येतील. मधली खोली मी रिकामी केली आहे.

एक मात्र आताच सांगून ठेवते. चार दिवसांसाठी आलात तर रीत आहे तशीच राहील. पण कायमची राहायला आलात, तर ताई, मला सगळं लख्ख दिसतं.

तुमची पहिलीच सोंगटी मारायला टपलेली,
पुष्पा