चांदीच्या खोळीतला मोबाईल

देवळाली कॅम्प,
मंगळवार, ७ सप्टेंबर २००४

मानाचे व्याही निवृत्तीराव यांना देवळालीहून पुंजाराम शिंप्याचा वाकून नमस्कार. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? इगतपुरीच्या पावसात दुखतच असतील. तुमचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. माझी तब्येत विचारू नका. (तुम्ही विचारलेलीही नाही. आज आलेल्या तुमच्या कार्डात ती ओळच नव्हती.)

मोहिनीला एक तारखेला मुलगी झाली, अकरा वेळा फोन केला, तुम्हाला नात नकोशी असेल तर रविवारचे बारसे आम्ही आमचे उरकू, असे तुम्ही लिहिले आहे. ते मी मोहिनीच्या आईला, सरुबाईला, मोठ्याने वाचून दाखवले. शेवटच्या ओळीला पोचल्यावर कळले, आधी मनात वाचायला हवे होते. तेव्हापासून तिने गॅस पेटवलेला नाही.

निवृत्तीराव, फोन बंद नव्हता. फोन खोळीत होता.

राखीला आमचा लेक दिनेश आला, मोबाईल ठेवून गेला आणि नंबर तुम्हाला कळवून गेला. दुसऱ्याच दिवशी मी पेपरात वाचले की मोबाईलमधून लहरी निघतात आणि डोक्यात शिरतात. (मी चौथी पास. शास्त्र अर्धे कळते, भीती पूर्ण कळते.) चाळीस वर्षे कॅम्पात तोफा ऐकतो आहे, पण तोफ निदान आवाज तरी करते. या लहरी गुपचूप येतात. शिंप्याकडे यावर एकच उपाय, अस्तर. चहाच्या पेटीतला चांदीचा कागद आत लावला, वर वर्दीचे खाकी कापड दुहेरी घेतले, तीन पितळी बटणे लावली आणि मोबाईलच्या मापाची खोळ शिवली. इतके बेतशीर काम माझ्या हातून कुठल्या कर्नलच्या कोटाचेही झाले नसेल. लहर बाहेर पडायची नाही म्हणजे नाही.

मग ती आत तरी कशी येणार, हे डोक्यात आले नाही. आठवडाभर फोन वाजला नाही. मोहिनीची तारीख पंधराची, म्हणून आम्हीही निवांत. सरुबाई म्हणायची, "किती गुणी फोन आहे, तोंडसुद्धा उघडत नाही."

कार्ड वाचून तसाच बाजारात मोबाईलच्या दुकानात गेलो. तिथली रोशनी खोळ बघून म्हणाली, "आजोबा, मोबाईल आहे की बाळंतीण? इतका कशाला गुंडाळलाय?" मग तिने सांगितले की कोंडल्यावर तो टॉवर शोधायला उलट जास्त जोर लावतो. "काळजी वाटते ना? मग थोडक्यात बोला, स्पीकर लावा, कानापासून लांब धरा, रेंज नसेल तिथे बोलू नका. झालं." म्हणजे सात दिवस मी लहरींना आत कोंडून त्यांना बळ देत बसलो होतो.

घरी येऊन तुम्हाला चार वेळा फोन लावला. नंबर बघून तुम्ही कापलात. तुमचे बरोबर आहे. म्हणून हे पत्र भाजीवाल्या चांगुणाच्या हाती पॅसेंजरने पाठवतो आहे. सरुबाई म्हणते, "बोलावल्याशिवाय मी लेकीच्या दारात जायची नाही," आणि दाराकडे बघत बसते. तिने नातीसाठी दुपटी शिवली, काजळ धरले, सगळे ट्रंकेत भरून ठेवले आहे. त्यापलीकडे माझ्याशी ती एक शब्द बोलत नाही. लहरींपासून वाचून आता मी करणार काय, हेच कळत नाही.

तुमचा अपराधी,
पुंजाराम

ता.क. मला बोलावले नाहीत तरी चालेल. सरुबाईला बोलवा.

ता.क. उद्या सकाळी नऊला एक फोन करा. मोबाईल उघडा आहे, खुंटीवर, माझ्यापासून टेपने मोजून सहा फूट. नातीला थोडे रडू द्या. (चिमटा नको, दूध जरा उशिरा.) सरुबाई कानाला लावून हवा तितका वेळ ऐकू दे. मी घड्याळाकडे बघणार नाही.

ता.क. चांगुणाकडे बाळाची कुंची दिली आहे. अस्तर कुरकुरले तर विहीणबाईंनी निमूट उसवावे, सरुबाईला सांगू नये. चांदीचा कागद थोडा उरला होता. कुंची मी रोशनीकडे जाण्याआधीच शिवली होती. टाके मात्र नंतर पक्के केले.