पंपाच्या बंदुकीमुळे उद्भवलेला हाकेचा पेच

दि. २२ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. श्री. लोवेल क्विंबी,
वन्यजीव संरक्षण अधिकारी,
लॅरमोर जिल्हा, साउथ डकोटा.

अर्जदार: आरेंड बाउसमा, वय ६६, धान्य-कोठाराचा निवृत्त व्यवस्थापक, मु. ओस्टरबर्ग.

विषय: शिकारीच्या रांगेत कु. हेनी पोस्तमा यांना मारावयाच्या हाकेस लेखी मान्यता मिळणेबाबत.

संदर्भ: दि. १८ ऑक्टोबर रोजी सायंकाळी, स्वतःच्या गाडीच्या बॉनेटवर हात आपटून आपण आम्हां बारा जणांस केलेली तोंडी सूचना.

महोदय,

सदर सूचनेत आपण म्हणालात, "शनिवारच्या आत तुमच्या हाका काय त्या ठरवा आणि मला लिहून द्या, नाहीतर रांगच लावू नका." त्यास अनुसरून हा अर्ज सविनय सादर करीत आहे. घोळ हाकेचा झाला असला तरी त्याचे मूळ बंदुकीत असल्याने सुरुवात बंदुकीपासून करणे भाग आहे. आपण त्या दिवशी फक्त घोळ पाहिलात.

१. गेल्या वर्षी फेजंटच्या, म्हणजे आपल्या लांब शेपटीच्या रानकोंबड्याच्या, हंगामाच्या पहिल्याच दिवशी माझी आपोआप भरणारी बंदूक मक्याचा भुसा आणि थंडी खाऊन नेहमीप्रमाणे अडकली. एका पट्ट्यातून सात नर उठले आणि सातही वेळा मी बंदुकीची समजूत घालत उभा होतो. तेव्हाच पंपाची बंदूक घ्यायचे ठरवले. तिच्यात यंत्राच्या मर्जीवर काही नसते, जे काम करायचे ते आपल्या हाताने. ओस्टरबर्गात बंदुका एकाच ठिकाणी मिळतात, हार्डवेअरच्या दुकानात, खिळे आणि कुत्र्यांचे खाद्य यांच्या मधल्या काउंटरवर. तिथे कु. हेनी पोस्तमा बसतात. वय ६१, अविवाहित. रांगेत त्या माझ्या डाव्या हाताला चालतात. ही सर्व माहिती अर्जास आवश्यक आहे.

२. पहिली बंदूक मी फेब्रुवारीत पाहिली आणि ऑगस्टअखेर एक पसंत केली. दरम्यान दुकानात माझ्या एकतीस खेपा झाल्या. याबद्दल गावात जे बोलले जाते ते आपल्या कानी आले असेलच. ते खरे आहे.

तथापि निवड पूर्ण गांभीर्याने झाली. मी डावखुरा. बहुतेक बंदुकांची रिकामी काडतुसे उजवीकडून उडतात, म्हणजे माझ्या नाकासमोरून. म्हणून हेनी यांनी काडतूस पोटातून खाली टाकणाऱ्या बंदुकाच तेवढ्या माझ्यापुढे ठेवल्या. सेफ्टीची कळ वर मधोमध हवी, म्हणजे अंगठा कुठलाही असो, सापडते, हेही त्यांनीच सांगितले. हलक्या धातूच्या त्यांनी बाद केल्या, कारण त्या वाहायला बऱ्या, पण खांद्याला लाथ घालतात. दस्ता गालाला लागतो का हे पाहण्यासाठी त्यांनी माझी मान दोन्ही हातांनी सरळ केली, आणि त्या दिवसापुरती मला कोणतीही बंदूक चालली असती. मग नकली काडतुसे देऊन मला हातमोजे घालून बंदूक भरायला लावली, नंतर डोळे मिटून. शेवटच्या तीन बंदुका दुकानामागच्या फ्रीजरमध्ये, वाटाण्याच्या पिशव्यांखाली दोन दिवस ठेवून त्यांनी काढल्या. दोन कुरकुरल्या. तिसरी सर्वांत जुनी, दस्त्यावर कुठल्याशा कुत्र्याच्या दातांच्या खुणा, ती जणू काही झालेच नाही अशी खडखड चालली. तीच मी घेतली.

३. अडचण एकच उरली. पंपाच्या बंदुकीची पुढची मूठ पुरती मागे ओढावी लागते, तेव्हा कुठे रिकामे काडतूस बाहेर पडते. मी ती नेहमी दोन बोटे अलीकडे थांबवतो, आणि बंदूक अडते. त्यावर हेनी काउंटरवर सर्वांदेखत म्हणाल्या, "बंदुकीत खोट नाही, आरेंड. तूच अर्ध्यावर थांबतोस. मूठ ओढताना थांबतोस, बोलताना थांबतोस, सगळीकडे तेच."

मी म्हणालो, "हेनी, मला तुला एक..." तेवढ्यात रंगाचे डबे घेऊन गिऱ्हाईक आले. हे वाक्य मी आजवर चौदा वेळा सुरू केले आहे, याची नोंद व्हावी.

सप्टेंबरभर मी घराच्या ओसरीत बसून मूठ ओढण्याचा सराव केला. शेजारणीने चौकशी केली की मी कसले लाकूड कापतो आहे.

४. आता दि. १८. सकाळी दहाला आमची बारा जणांची रांग मक्यात शिरली. शेताच्या टोकाला पोहोचताच वाक्य पुरे करायचे, असा माझा निश्चय होता. आपणांस ठाऊकच आहे, परंतु कागदावर असावे म्हणून लिहितो: नर उठला की पाहणाऱ्याने "रूस्टर!" ओरडायचे आणि मग मारायचे. मादी उठली की "हेन!" ओरडायचे आणि सर्वांनी बंदुका खाली करायच्या, कारण मादी मारणे गुन्हा.

पहिलाच नर हेनी आणि माझ्या मधून उठला, शेपटी चांगली दीड हात. मी "रूस्टर" म्हणायला हवे होते. परंतु पक्षी त्यांच्या बाजूला वळला, तो त्यांनाच मिळावा असे मला फार फार वाटले, आणि तोंडातून निघाले, "हेनी!"

मक्यात वारा होता. शेवटचा "नी" वाऱ्याने नेला. अकरा बंदुका शिस्तीत खाली गेल्या, खुद्द हेनी यांचीसुद्धा, आणि नर आमच्या डोक्यांवरून रमतगमत शेजारच्या जिल्ह्यात गेला.

इतकी वर्षे असे का झाले नाही, असे आपण विचाराल. कारण इतकी वर्षे माझी बंदूक अडकत असे आणि मला तोंड उघडायला उसंत नसे. भरवशाची बंदूक हाती आल्यावर तोंड मोकळे झाले. या अपघातास बंदुकीचा चांगलेपणाच जबाबदार आहे.

५. असे नऊ वेळा झाले. मी स्वतःला बजावत होतो, तरी झाले. खरे सांगायचे तर पाचव्या वेळेनंतर मला त्या नावाची चटक लागली. दहाव्या वेळी मात्र खरोखर मादी उठली. मी नियमानुसार "हेन!" असे खणखणीत ओरडलो. परंतु हेनी यांचे थोरले बंधू आणि आमच्या रांगेचे पुढारी, श्री. वीबे पोस्तमा, यांचा माझ्या हाकेवरचा विश्वास तोवर उडाला होता. समोर ऊन होते, पक्षी नुसता काळा दिसत होता. "याला पुन्हा उमाळा आला," असे म्हणून त्यांनी चाप ओढला.

सायंकाळी आपण त्यांच्या जाकिटातून ती मादी बाहेर काढलीत. अडतीस हंगामांत त्यांच्याकडून एक चूक झालेली नव्हती. ते चर्चचे पदाधिकारी, डीकन, आहेत. सबब त्यांना दिलेली नोटीस माझ्या नावे करावी, ही पहिली विनंती.

६. रविवारी आमच्याकडे बंदूक हातात घेत नाहीत. चर्चमध्ये प्रवचन लांबले की बाकावरून पेपरमिंटची पुडी फिरते. ती माझ्या अलीकडच्या माणसापर्यंत आली आणि परत फिरली. नंतर चर्चच्या तळघरात हॅमचे बन खाताना वीबे यांनी निकाल दिला, "हाक सुधारेपर्यंत तू रांगेत नाहीस. शेताच्या टोकाला जाऊन उभा राहा, नाहीतर इथे वाटाण्याचं सूप ढवळ."

शेताचे टोक म्हणजे हेनी यांच्यापासून अर्धा मैल. सूप म्हणजे तीन मैल. महोदय, मी सहासष्ट वर्षांचा आहे, आणि त्या बाईशेजारून मक्यातून चालणे याखेरीज मला वर्षभरात दुसरे काही नको असते.

७. सोमवारी दुकानामागच्या आवारात हाकांची चाचणी घेतली. "पोस्तमा" म्हणताच तिघांनी माना वळवल्या. मूळ नाव "हेंड्रिका" आहे असे कळल्यावर मला फार आशा वाटली, परंतु ते सुरुवातीलाच "हेन" म्हणून मोकळे होते. "अगं" वाऱ्यात हंसासारखे ऐकू येते आणि हंसांचे नियम वेगळे. वीबे त्यांना "धाकटे" म्हणतात, पण ते माझ्या तोंडी शोभणार नाही, असे खुद्द धाकटीनेच सांगितले.

८. काल, मंगळवारी, मी अडतिसावी खेप केली. हेनी माझीच बंदूक उघडून भुसा झटकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला अशी हाक मार की ती ऐकून कुणी बंदूक खाली करणार नाही. आणि पुरती मार."

मी म्हणालो, "बायको."

खिळे मोजणारे गिऱ्हाईक मोजायचे थांबले. हेनी यांनी बंदूक जोडली, मूठ टोकापर्यंत मागे नेली, पुढे आणली आणि माझ्या हातात दिली.

"आज पहिल्यांदा पुरती ओढलीस," त्या म्हणाल्या.

हा होकार समजावा का, असे मी विचारले. तर म्हणाल्या, "हाक आधी सरकारमान्य कर. मग ओ देईन." एवढे बोलून त्या मागच्या खोलीत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी तिथेच बंदूक धरून उभा राहिलो आणि मग घरी आलो. घरी कसा आलो ते आठवत नाही, गाडी मात्र दुकानासमोरच आहे.

९. वीबे यांची एक हरकत नमूद करतो. त्यांच्या पत्नी त्रेन्चे याही रांगेत चालतात, तेव्हा "बायको" ऐकून त्याही वळतील, असे त्यांचे म्हणणे. यावर माझे उत्तर असे की त्रेन्चे वीबे यांच्या हाकेला गेली चाळीस वर्षे ओ देत नाहीत, सबब गोंधळ संभवत नाही. हे उत्तर त्रेन्चे यांना वाचून दाखवले असता त्यांनी मान्य केले.

तरी विनंती की, "बायको" या नावाचा कोणताही शिकारयोग्य पक्षी, नर अथवा मादी, या राज्यात आढळत नाही, असे आपल्या सहीशिक्क्यानिशी लेखी कळवावे. उत्तर शनिवारी सकाळी दहाच्या आत मिळावे. ते शुक्रवारी मिळाल्यास मी आपला आजन्म ऋणी राहीन, आणि आज मिळाल्यास काय करीन ते सांगवत नाही.

आपल्या शिक्क्याकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
आरेंड बाउसमा

सोबत:
रिकामे काडतूस, एक नग (पुरती मूठ ओढून बाहेर पडलेले).
रांगेचा नकाशा. माझी व हेनी यांची जागा लाल शाईने दाखवली आहे, इतरांच्या जागा अंदाजे आहेत.

साक्षीदाराचा शेरा (कु. पोस्तमा यांच्या हस्ताक्षरात):
क्विंबीसाहेब, अर्ज तुमच्याकडे पोचवायला याने माझ्याकडे दिलाय. वाचलं, सगळं खरं आहे, फक्त खेपा चव्वेचाळीस झाल्या. शिक्क्याची घाई करू नका. ओ मी कालच दिली होती. मागच्या खोलीत हसता हसता दिली, म्हणून याला ऐकू गेली नाही. शनिवारी रांगेत मोठ्यानं देईन, तोवर याला सांगू नका.