करंजवड्याचं शून्य

शाहूपुरी, कोल्हापूर
श्रावणातला मंगळवार

घरात ज्यांचं म्हणणं कुणीही शेवटपर्यंत ऐकून घेत नाही अशा तमाम वडीलधाऱ्यांनो,

(म्हणजे या पत्रापुरते, दाजी, तुम्ही एकटेच. पण व्याख्यानं देऊन देऊन आता एकाच माणसाशी बोलायचं म्हटलं की माझा सूर लागत नाही, म्हणून समोर भरलेलं मैदान आहे असं धरून चालते. तुम्हीही चार माणसांची जागा व्यापून बसावं.)

श्री. उदयसिंह दाजी यांस संयोगिताचा वाकून नमस्कार. आपला गुडघा पावसाळी हवेत कुरकुरत नसेल अशी आशा आहे. आमची आक्का गोळ्या वेळेवर घेते की शेजारणीला वाटून टाकते, तेही कळवावं. इकडे आम्ही खुशाल. तुमची लेक अनुजा माझ्याकडे दोन्ही वेळा जेवते, पैकी एका वेळी तिला आपण जेवतो आहोत हे कळतंही.

आपलं दोघांचं दुःख एकच आहे. पाऊस आपण पाहिला, आपण झेलला, त्याच्या नावानं बोटं मोडली ती आपण. आणि आता पावसाबद्दल आपल्याला कुणी विचारत नाही. बाहेर कोसळत असताना पोरगी खिडकीला पाठ करून संगणकात पाऊस शोधत बसते. मागे तुम्ही इकडे आला होतात तेव्हा म्हणाला होतात, ‘पाऊस आमच्या दारात पडतोय की. त्यो हुडकायला कोल्हापुरात कशाला ऱ्हायला पायजे?’ मी उत्तर द्यायला उभी राहिले (बसून मला उत्तर देता येत नाही), तोवर तुम्ही एसटी गाठायला निघून गेलात. ते उत्तर आता देते.

अनुजाला शोधायचं आहे ते एवढंच, की आपल्या घाटाकडचा पाऊस आपल्या हयातीत बदलला का, आणि बदलला असेल तर कसा. तुम्ही म्हणाल बदलला, तुमचे चुलते म्हणतील नाही, आणि दोघेही पारावर बसून जिंकाल. विद्यापीठाला मात्र आकडे लागतात. येत्या शुक्रवारी समितीपुढे उभं राहून तिनं सांगायचं आहे की मी हेच आकडे का निवडले. पटलं तर संशोधनाचा विषय मंजूर. न पटलं तर, तुम्ही बजावलंच आहे, गणपतीला पोरगी सामानसुमान घेऊन घरी आणि तुमच्या ओळखीच्या शाळेत रुजू. म्हणजे दाजी, एका पोरीचं पुढचं सगळं आयुष्य या आकड्यांवर टांगलेलं आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

मला वाटलं होतं, आकडे म्हणजे सरकारी कपाटातला एक गठ्ठा, मागितला की मिळाला. कसलं काय! लग्नाच्या बस्त्याला जावं आणि दुकानदारानं गादीवर साड्यांचा डोंगर रचावा, तशी गत. एक पाऊस उपग्रहाचा. तो वरून ढगांची टोपी बघतो आणि खाली किती पडलं असेल याचा अंदाज बांधतो. (बाहेर सोप्यात बसून फोडणीच्या वासावरून भाजी किती झाली ते सांगावं, तसं. आपल्या घाटातले ढग बुटके, वास न येता शिजणारे, म्हणून तिथं तो हमखास चुकतो.) दुसरा पाऊस चौकटींचा. नकाशावर रेघा मारून चौकटी पाडायच्या आणि आजूबाजूच्या केंद्रांवरून हिशेब करून प्रत्येक चौकटीला एकच आकडा द्यायचा. आता आपला घाट आणि खालचा उसाचा पट्टा आले एकाच चौकटीत. तुमच्याकडे छत्र्या कुजतात, खाली उसाला मोटर लावावी लागते, आणि आकडा दोघांना मिळून एक.

त्या चौकटीकडे बघता बघता दुपारी खुर्चीतच माझा डोळा लागला आणि मी तिच्यातल्या गावी जाऊन पोचले. दाजी, तिथं सरासरी पाऊस पडत होता. भिजवणाराही नाही, हुलकावणी देणाराही नाही. माणसं अर्धी उघडलेली छत्री घेऊन सावकाश चालली होती. नदी गुडघाभर, बाराही महिने गुडघाभर. पुरावर बोलायला जागा नाही, दुष्काळावर बोलायला कारण नाही. तरी त्यांनी मला चावडीच्या कट्ट्यावर बोलायला उभं केलं. मी ‘बंधुभगिनींनो’ म्हटलं आणि त्यांनी टाळ्यांसाठी हात उचलले, ते निम्म्यावर येऊन थांबले. कुणी रागावलं नाही, कुणी पेटलं नाही. हवेला ओल्या लाकडाचा वास होता आणि सगळं इतकं निवांत होतं, की आयुष्यात पहिल्यांदा मला काही बोलावंसं वाटेना. जाग आली तेव्हा गालावर चष्म्याचा वळ उमटला होता. अनुजा म्हणाली, ते गाव नकाशात आहे, जमिनीवर नाही. मला जरा हुरहुर लागून राहिली.

तिसरा पाऊस केंद्रांचा, म्हणजे खाली जमिनीवर मापात पडलेला. हा खरा, असं मी जाहीर केलं आणि याद्या स्वतः वाचायला घेतल्या. तर एका आषाढातल्या दिवसापुढे लिहिलेलं: उणे नऊशे नव्व्याण्णव मिलिमीटर. माझं रक्त सळसळलं. पाऊस उणे, म्हणजे त्या दिवशी तो खालून वर गेला! मी गॅलरीत जाऊन बसले आणि मला सगळं दिसू लागलं. खाचरांतलं पाणी थेंब थेंब सुटून वर चाललंय, पागोळ्या कौलांवर चढताहेत, तळं सतरंजीसारखं गुंडाळून उचललं जातंय, आणि आक्का अंगणात बादली पालथी धरून उभी आहे, निदान एवढं तरी अडवावं म्हणून. मी त्याच तंद्रीत भाषणाची सुरुवात रचू लागले. तेवढ्यात अनुजानं चहा आणला आणि सांगितलं, “मावशी, ती ‘ठाऊक नाही’ असं लिहायची पद्धत आहे. त्या दिवशी कुणी मोजलंच नाही.”

मी म्हटलं, मोजलं नाही तर सरळ शून्य लिहावं.

“शून्य म्हणजे पडला नाही. हे म्हणजे आम्हाला माहिती नाही. माझं सगळं काम या दोघांमधल्या फरकावर उभं आहे, मावशी.”

(आपल्या घराण्यात ‘ठाऊक नाही’ म्हणायची रीतच नाही, त्यामुळे मला तो आकडा ओळखता आला नाही यात नवल ते काय?)

आता मुख्य मुद्दा. (मुख्य मुद्दा मी नेहमी टाळ्या ओसरल्यावर घेते.) या याद्यांत करंजवडे महसूल मंडळाचं एक नवं केंद्र आहे, आपोआप मोजणारं यंत्र. तुमच्या माळवेवाडीच्या खालचंच ते करंजवडे. गेल्या वर्षी आणि यंदाही ज्येष्ठात तिथं पाऊस बरा. आषाढात आटत आटत जातो, आणि मग शून्य, शून्य, मधेच दोन मिलिमीटर, पुन्हा शून्य. शेजारच्या सगळ्या केंद्रांवर धो धो आणि मधोमध हे कोरडं ठिकाण. अनुजानं त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी लगेच उद्गारचिन्ह काढलं. परवा रविवारी कसबा बावड्याच्या वाचनालयात माझं व्याख्यान होतं. मी विचारलं, सह्याद्रीच्या कुशीत वाळवंट जन्माला येतंय आणि कोल्हापूर रस्सा ओरपत बसलंय, हे शोभतं का? मागच्या रांगेतून एकटे बाळासो उठले, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर.

“मॅडम, गेल्या आठवड्यात मी करंजवड्यात हुतो. छत्री उलटी झाली, एक चप्पल व्हावून गेली. ह्यो शून्य कुठनं आणला तुम्ही?”

मी म्हटलं, बाळासो, तुमची चप्पल हा पुरावा नव्हे, आकडा हा पुरावा आहे. टाळ्यांनी छत हाललं. ते ‘चप्पल तर गेली की पर’ असं पुटपुटत खाली बसले. त्या रात्री मला फार गाढ झोप लागली. स्वप्नात चारी बाजूंनी पावसाचे पडदे आणि मधे पांढरंशुभ्र, कोरडं करंजवडे, आणि मी त्याच्या मधोमध पाय न भिजता उभी.

काल सकाळी आक्कानं माझ्या मोबाइलवर फोटो पाठवला. सोबत तिच्या आवाजात निरोप: “संयू, बघ गं, मागल्या परड्यातला दोडका कसा चढलाय. खत न्हाई, काय न्हाई. खांब घावला आणि सुटला.” दोडका खरंच देखणा होता. मी ‘छान’ असं कळवलं. अनुजानं मात्र फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि फोटो मोठा करत नेला. पानांच्या आड एक पांढरी कड, तिच्याखाली काळी काचेची पाटी, उन्हावर चालणाऱ्या यंत्रांना असते तशी. मग तिनं यादीत करंजवड्याच्या केंद्राचे अक्षांश-रेखांश शोधले.

दिवाळीत तिनं तुम्हाला विचारलं होतं की परड्यात खांब कसला. वाळल्या वेलानं तो तेव्हा पुरा झाकलेला होता. तुम्ही क्षणाचाही विलंब न लावता सांगितलंत, मोबाइलच्या रेंजचा. (रेंज तिथं अजून नाही. आक्काला फोटो पाठवायला टेकडीवर चढावं लागतं. तरी तुमच्या विधानावर त्याचा परिणाम झाला नाही.) दाजी, तो रेंजचा खांब नव्हे. करंजवड्यात सपाट जागा मिळेना म्हणून तुम्ही मोठ्या मनानं जी जागा दिलीत, त्या जागेवरचं ते पाऊस मोजायचं यंत्र आहे. वेल चढतो तसा पाऊस आटतो. माझं वाळवंट तुमच्या परड्यात आहे आणि त्याला दोडकी लागली आहेत. आज बाळासो मंडईत दिसले, तर मी दुसऱ्या गल्लीनं गेले. येत्या व्याख्यानात उभ्यानंच त्यांची माफी मागणार आहे.

मला वाटलं पोरगी रडेल. ती हसत सुटली, जमिनीवर बसून हसली. मग तिनं ठरवलं: केंद्रांचेच आकडे घ्यायचे, जिथं ‘ठाऊक नाही’ आहे तिथं तसंच ठेवायचं, आणि चौकटी व उपग्रह पडताळ्यापुरते वापरायचे. करंजवड्याचं शून्य मी खोडायला निघाले तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, घरी बसून खोडायचं नाही, आधी जाऊन बघायचं. लोकांनी असं वागायला हवं म्हणून मी आयुष्यभर घसा कोरडा केला, आणि ते घरातच पहिल्यांदा पाहिलं.

आक्काला नमस्कार, चुलत्यांना दंडवत.

आपली मेव्हणी,
संयोगिता

ता. क. हे सगळं फोनवर दोन वाक्यांत झालं असतं असं अनुजाचं म्हणणं. पण पहिल्याच वाक्याला तुम्ही कोयता घेऊन परड्यात गेला असतात. आत्ताही तो हातात असेल तर खाली ठेवा. वेलाला हात लावायचा नाही. रविवारी ती एक साधं पर्जन्यमापक घेऊन येते आहे. ते उघड्यावर, गोठ्यापासून लांब रोवायचं आणि पाऊस संपेपर्यंत दोन्हीकडचं ताडून बघायचं, म्हणजे दोडका किती पाऊस पितो ते कळेल. समितीला ती हेच सांगणार आहे.

ता. क. २ खरी अडचण आता लिहिते. ती संध्याकाळच्या गाडीनं परत फिरणार. मग रोज सकाळी साडेआठला त्या मापातलं पाणी मोजणार कोण? मी तुमचं नाव घेतलं. ती म्हणाली, “आबा नाही करायचे. त्यांना हे सगळं खूळ वाटतं.” आणि उठून पुस्तकं आवरायला लागली, मुळात आवरलेलीच. तुमचा गुडघा, तुमची शाळा, माझी भाषणं, सगळं बाजूला ठेवा. रविवारी सकाळच्या एसटीतून ती फाट्यावर उतरेल. तिच्या हातात काचेचं मापाचं भांडं असेल आणि ती तोंडानं काही मागणार नाही. फाट्यावर जा आणि ते भांडं तिच्या हातातून घ्या.