साक्षीदारांची तिसरी ओळ

मी, खालच्या मजल्यावरच्या कला मंडळाची संस्थापक, तालीम घेणारी, झाडू मारणारी आणि अलीकडे बहुतेक वेळ खुर्चीत बसून ओरडणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असलेच तर गुडघ्यांचे आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य वकिलांनी घालायला सांगितले. ही चौकशी आयुष्यात इतक्या लोकांनी केली आहे की एकदा कागदावर आलेले बरे. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासले. आज वार कोणता, असे विचारले तेव्हा मी ‘तालमीचा’ असे सांगितले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले, पण दाखला दिला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. सवडच झाली नाही.

१. घर. दोन मजल्यांचे हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. वर मी राहते, खाली तालमीची खोली आहे. तिथे येणाऱ्या माणसांना शिकायला आणि समजायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. बाहेरचे लोक त्यांना ‘मुले’ म्हणतात. ती मुले नाहीत. एकाचे टक्कल तर माझ्या दादापेक्षा मोठे आहे. ती इथे नाटक करतात, गातात, रंगवतात, भांडतात, आणि आसपासची इतर माणसेही येऊन त्यांच्याबरोबर तेच करतात. हे घर माझ्यामागे मंडळाला मिळावे. मंडळाच्या कारभारात निम्म्या खुर्च्या याच माणसांच्या असाव्यात. बैठका लांबतील. लांबू द्याव्यात.

२. पुतण्या. दादा गेल्यापासून कायद्याने माझा वारस त्याचा मुलगा. त्याला घर नाही. ऐन तालमीत तो मोजपट्टी घेऊन आला होता. टकल्याला त्याने पट्टीचे एक टोक धरायला लावले आणि मला म्हणाला, “आत्या, इथे चार गाळे सहज निघतील. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? हे सगळं अजून किती दिवस ओढणार?” शेवटचा प्रश्न बरोबर होता, म्हणूनच जास्त लागला. तो वाईट नाही. दवाखान्यात मला तोच घेऊन जातो. वाटेत गाळ्यांचे बोलतो एवढेच. त्याला दादाचे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागते. एखाद्या गोष्टीकडे रोज लक्ष देण्याची सवय त्याला लागली तर बरेच आहे.

३. दिव्यांचा बोर्ड. नाटकात रंगमंचावरचे दिवे कमीजास्त करण्याचा हा बोर्ड माझ्या मालकीचा आहे, मंडळाच्या नाही. तो जे चालवतात त्यांना आम्ही उजेडराव म्हणतो. त्यांच्या मेहुण्याने पहिल्या दिवशी त्यांना इथे सोडताना, दारातच, त्यांच्या देखत म्हटले होते, “हा काय उजेड पाडणार!” आता रोज तेच पाडतात. ते बहिणीकडे राहतात. बँकेचे खाते बहिणीबरोबर, फोन मेहुण्याच्या नावावर, कपाटाचा एक खण भाच्याबरोबर. त्यांच्या एकट्याच्या नावावर या जगात काही नाही. म्हणून बोर्ड उजेडरावांना द्यावा. (कलम सात पाहावे.)

४. माझी मैत्रीण. मंडळ आम्ही दोघींनी काढले. तिने ‘सावली’ची पद्धत आणली: रंगमंचावर आणि दिव्यांच्या बोर्डापाशीही प्रत्येकाच्या मागे काळा सदरा घातलेला एक मदतनीस. तो कानात शब्द सांगायचा, चुकले की कोपर धरून वळवायचा. प्रेक्षक डोळे पुसायचे. एके दिवशी उजेडराव म्हणाले, “सावली नको. ती कानात बोलते, मला नाटक ऐकूच येत नाही.” मी त्यांची सावली काढली. त्याच प्रयोगात त्यांनी भलत्याच जागी सगळे दिवे घालवले. टकल्या अंधारात न अडखळता आपले बोलत राहिला, आणि हळूहळू दिवे आले. मैत्रीण माझ्यावर उखडली. “उद्या कोणी पडलं तर?” मी म्हटले, “पडेल आणि उठेल.” मग मी सगळ्यांच्याच सावल्या काढल्या आणि ती निघून गेली. नंतर दोघे पडले. दोघेही उठले. काळ्या सदऱ्यांची सगळी ट्रंक तिच्या घरी पोचती करावी, जिन्यावरून नेताना आदळली तरी चालेल. त्याच ट्रंकेत तिची छत्री आहे. त्या दिवशी ती विसरून गेली होती. न्यायला येईल म्हणून मी कोणाच्या हाती पाठवली नाही. मला तिची फार आठवण येते, हेही तिला सांगावे.

५. किरकोळ. बँकेत जे उरले असेल त्यातून आधी संडासाचा नळ दुरुस्त करावा, उरलेले मंडळाला. हातोडी, करवत, रंगांचे डबे मंडळाचेच समजावेत. चांगली कात्री मात्र शेजारच्या शिंपीकाकांची आहे. ते मागत नाहीत, येतात आणि नुसते कात्रीकडे बघतात. त्यांना ती परत करावी. हे मृत्युपत्र अमलात आणण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकते आहे.

६. मी गेल्यावर. फोटो लावू नये. ती भिंत पडद्यासाठी लागते. कोणी भाषण केलेच तर त्यात ‘सेवा’ आणि ‘त्याग’ हे शब्द येऊ देऊ नयेत. मला नाटक आवडत होते आणि ही माणसे आवडत होती. पण मी दमले आहे. अर्ज लिहून, पायऱ्या चढून, ‘अय्या, किती छान करतात ना ही मुलं’ ऐकून दमले आहे. हे तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून लिहिते.

७. साक्षीदार. दोन लागतात. एक डॉक्टरीणबाई. दुसरे उजेडराव, असे मी सांगितले तेव्हा वकिलांनी पेन खाली ठेवले. ते सज्जन आहेत, म्हणून ऐकून घेतले.

“ताई, पुतण्या कोर्टात गेला तर पहिलं बोट याच सहीवर ठेवेल. ही सही बाद झाली की मृत्युपत्र पडलं. घर सरळ त्याला जाईल.”

“मग आत्ताच विचारा त्यांना, काय विचारायचं ते.”

वकिलांनी उजेडरावांना समोर बसवले. “साक्षीदार म्हणजे काय करायचं, तुला माहीत आहे?”

“तुम्हाला म्हणा,” मी म्हटले. “तुमच्याच वयाचे आहेत.”

“तुम्हाला माहीत आहे?”

“ताई सही करणार. मी बघणार. मग मी करणार.”

“कागदात काय लिहिलंय?”

“ते ताईंचं आहे.”

वकिलांनी मान हलवली. मग त्यांनी, सांगणे भागच होते म्हणून, सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार झाले तर ते त्याला मिळत नाही. “बोर्ड तुमच्या नावावर होणार आहे. सही केलीत तर होणार नाही.”

उजेडरावांनी कोपऱ्यातल्या बोर्डाकडे पाहिले. मी मध्ये बोलणार होते. जिभेवर आलेले गिळले.

“मग बोर्ड चालवणार कोण?”

“तुम्हीच,” मी म्हटले. “पण मालकी मंडळाची.”

“आणि माझं नाव?”

वकिलांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवले. “सही केलीत तर इथे.”

“मग इथे,” उजेडराव म्हणाले.

म्हणून कलम तीन रद्द समजावे. बोर्ड मंडळाला.

वकिलांनी तरीही साक्षीदारांची तिसरी ओळ टाइप करून घेतली आहे. न जाणो, एक सही बाद झाली तर तिथे त्यांच्या कारकुनाची असावी. मला हे पटलेले नाही. इतक्या सावल्या काढल्या आणि माझ्याच शेवटच्या कागदावर एक येऊन उभी राहिली. पण भांडायचे त्राण उरलेले नाही, आणि घर वाचले पाहिजे. असू दे तिसरी ओळ.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

ठिकाण: तालमीची खोली, खालचा मजला.
वार: तालमीचा. तारीख वकिलांच्या शिक्क्यात आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिल्या: (सही) डॉक्टरीणबाई, गल्लीतला दवाखाना

साक्षीदार दुसरे: (सही) उजेडराव, दिवे

साक्षीदार तिसरे: ————————

सह्या झाल्यावर हाताने लिहिलेली नोंद: साक्षीदारांची तिसरी ओळ दुसऱ्या साक्षीदारांनी खोडली आहे. स्वतःची सही झाल्यावर त्यांनी विचारले, “ही कुणाची?” वकील म्हणाले, “कारकुनाची. तुमच्या मागे एक असावी म्हणून.” उजेडराव माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, सावली नको,” आणि पट्टी मागून घेऊन सरळ रेघ मारली. कारकून पेन उघडून दारात उभा होता, त्याला परत पाठवले. ही खाडाखोड माझ्या समक्ष झाली असून ती मला मान्य आहे.

(सही)