पाय धुण्याची पाळी

२४ ऑक्टोबर १९४३, रविवार

पोचलो एकदाचा! कॅन्ससहून तीन दिवस रेल्वेत बसून बूड पार सपाट झालं, पण ऑरेगनचे हे डोंगर बघितले आणि शीण पळाला. सैन्यभरती मंडळाने विचारलं होतं, की तुझ्या आईवर कुणी चालून आलं तर काय करशील? मधे जाऊन उभा राहीन, पण हात उगारणार नाही, असं सांगून आलो. आम्हा मेनोनाइट लोकांचं, शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं, उत्तर तेच असतं. मग सरकारने लढाईऐवजी इथे धाडलं, जळलेल्या जंगलात रोपं लावायला. शेतकऱ्याच्या पोराला काय त्याचं, मातीच उकरायची ना!

बराकीत माझ्यासकट चोवीसजण. शेजारच्या खाटेवर डेल्बर्ट उन्रू. आईने दिलेले झ्वीबाक पाव त्याने आल्या आल्या अर्धे फस्त केले आणि वर म्हणाला, की ओरी, तुझी आई लोण्याला हात आखडता घेते बुवा. माझं याच्याशी जमणार. माझी खाट आधी लोवेल यान्झन नावाच्या एकाची होती. तो एप्रिलमध्ये निघून गेला म्हणे. त्याचे बूट खाटेखाली तसेच पडलेत, मला अगदी मापात बसले. अनवाणी कुठे गेला असेल हा बाबा?

३० ऑक्टोबर, शनिवार

काम अंगवळणी पडलं. बाराजणांनी ओळीत, आठ-आठ पावलांवर चालायचं. कुदळीचा एक घाव, रोप आत, टाचेने माती दाबायची, पुढे. धुकं असं, की शेजारचा दिसत नाही, नुसते घाव ऐकू येतात. मधेच एखादा जळका बुंधा पुढ्यात उभा राहतो आणि काळजात धस्स होतं.

मुकादम मकेबचा मुलगा आघाडीवर आहे. हा मकेब रोज विचारतो, की कुदळ तर झकास उचलता, मग बंदूकच का जड जाते रे बायकांनो? डेल्बर्ट म्हणतो, साहेब, कुदळीने निदान झाड तरी उगवतं. मला मात्र राग येतो. गिळतो झालं.

७ नोव्हेंबर, रविवार

आज जेवणघरात पाय धुण्याचा विधी झाला, येशूने शिष्यांचे धुतले त्याची आठवण म्हणून. जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुवायचे, मान खाली, तोंडातून शब्द काढायचा नाही. शेजारी जो येऊन बसेल त्याला नाही म्हणायचं नाही. मी त्याचे धुतले की त्याने माझे धुवायचे, तेव्हा कुठे पुरं होतं. डेल्बर्ट तापाने पडलाय, म्हणजे आम्ही तेवीस. एकजण उरणारच होता. मी नवखा, म्हणून आपणहून मागच्या बाकावर एकटा बसलो. पण कुणीतरी शेजारी येऊन बसलं.

पाय गारठलेले होते. तळवे काळे. कितीही चोळले तरी राख निघेना, घमेल्यातलं पाणी काळंकुट्ट झालं. दुसरं आणायला उठलो, परत येतो तर बाक रिकामा. माझे पाय कोरडेच राहिले.

डेल्बर्टला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. एप्रिलमध्ये लोवेलशेजारीही असंच कुणी बसलं होतं, म्हणाला. मग लोवेलचा एकच धोशा होता, की त्या बसलेल्याची पाळी राहिलीय, तो माझे पाय धुवायला येईल.

१० नोव्हेंबर, बुधवार

ओळीत मी शेवटचा होतो. माझ्या उजवीकडे कुणी नव्हतं. तरी रोपांच्या कडेकडेने अनवाणी पावलं उमटलेली, राखेची. मकेबने पाहिली आणि मलाच झापलं, की हे काय नवीन सोंग, बूट घाल आधी. मग त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. बूट होते. वळून पुढे निघून गेला.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवून आलो तर खाटेपुढे घमेलं. कोमट पाणी, वर घडी केलेला टॉवेल. कुणीच ठेवलं नाही म्हणतात. आमच्यात खोटं कुणी बोलत नाही, भीती त्याचीच वाटते. छावणीप्रमुख एमसभाऊंकडे गेलो. पाय धुवायला आलेल्याला परतवणं म्हणजे गर्व, असं म्हणाले. मी सरळ सांगितलं, भाऊ, मला फार भीती वाटते. डेल्बर्टचा ताप अजून आहे. तरी म्हणाला, की थांब, मी करतो काहीतरी.

१३ नोव्हेंबर

बुटांच्या लेस सुटतात. तीनदा गाठ मारली. चौथ्यांदा बोटं जाणवली, घोट्यावर — गार —

कुदळ खाली ठेववत नाही.

१५ नोव्हेंबर, दुपार

लिहिलंच पाहिजे. धुकं होतं. कुणीतरी माझ्यापुढे गुडघे टेकून लेस सोडत होतं. मान खाली. शेजारी बादली.

मी कुदळ उगारली. मी — आईसाठीसुद्धा नाही म्हणालेला मी —

डेल्बर्ट होता. मी करतो काहीतरी म्हणाला होता ते हेच: त्या राखेच्या पायवाल्याआधी आपणच ओरीचे पाय धुवावेत, म्हणजे पाळी संपेल, म्हणून तापातून उठून पाणी घेऊन डोंगर चढून आला होता. विधीत बोलायचं नसतं, म्हणून बोलला नाही. घाव बसल्यावर म्हणाला, ओरी, अरे मी आहे. मग काहीच नाही.

त्याला ट्रकमधून नेलं. मकेब माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, जमतं की रे तुला. हसला नाही.

तोच दिवस

ट्रक परतलाय. बराकीत कुणी येत नाही, मला सांगायला. म्हणजे — कळलं.

समोर घमेलं. त्याने, बाकावरच्या त्यानेच, गुडघे टेकलेत. कुदळ दाराशी, हात पोचेल इतक्यावर. नाही. पुन्हा नाही.

बूट काढले.

पाणी कोमट आहे. त्याचे हात स्वच्छ आहेत, अगदी स्वच्छ. आणि पाणी काळं होतंय — माझ्याच पायांनी — तो चोळतोय, चोळतोय, राख निघत ना—