सरांनी सरळ केलेला रस्ता

४ डिसें.
चित्रावर सही केली. दिवाळीआधीचं, रंग पार वाळलाय. गडमुडशिंगीची ओढ्याकडची वाट. आबा पोरपणी शाळेला इथनंच जायचे, अख्ख्या गावाला वळसा घालून. देवळासमोरचा रस्ता आमच्या लोकांना बंद होता. वीस वर्षं रस्तेच काढतेय, पण हा कधी जमला नव्हता.

५ डिसें.
प्रदर्शनाआधी चित्र सरांना दाखवायचं, ही आम्हा शिष्यांची रीत. सरांनी हात पुढं केला, मी सवयीनं ब्रश दिला. म्हणाले, "रस्ता म्हणजे जीवनप्रवास. तो कुठंतरी पोचला पाहिजे. तुझा नुसताच भटकतोय." दहा मिनिटांत माझा वळसा शेताच्या हिरव्यात बुजवला, सरळ रस्ता देवळाच्या पायरीला नेऊन लावला. वर कळस. सगळे वा सर, वा सर. आणि मी काय केलं? पाया पडले.

रस्ता आबांचा, माझ्या बापाचा, हे सरांना कधी सांगितलंच नाही. सांगितल्यावर त्यांच्या घरी चहा कुठल्या कपात येईल, ही धास्ती. या वयात. थू.

७ डिसें.
आबा चित्र बघायला आले. चष्मा पुसून बघत बसले, बोटानं ओढा शोधला. सरांचा हात फिरलाय दहा मिनिटं, एवढंच म्हटलं मी.
"तुज्या सरांनी आमास्नी देवळाम्होरनं न्हेलं की. दहा मिन्टात."
हसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्घाटनाला येणार का विचारलं, तर न्हाय म्हणाले. चहा तसाच ठेवून गेले.

८ डिसें.
सरांना फोन. सगळं सांगितलं, वीस वर्षांत पहिल्यांदा. ते म्हणाले, "ते सगळं चित्रात कशाला आणतेस? निसर्गचित्र आहे ते."
म्हणजे झाड चालतं, ढग चालतो, म्हैसपण चालते. आबांचे पाय तेवढे चालत नाहीत.

९ डिसें.
टर्पेंटाइन आणि जुन्या साडीची चिंधी. सरांचा रंग अजून ओला होता. कळस निघाला, सरळ रस्ताही निघाला, पण त्याचा पिवळट डाग राहिलाय. कितीही घासा. खालून माझा वळसा वर आला, जरा खरवडलेला.

उद्या फीत सरच कापणार. त्यांना कळवलेलं नाही. आबांना फोन करून सांगितलं, पुसलं म्हणून.
"मग येतो," म्हणाले. "पर मला सरांच्या शेजारी हुबा करशील न्हवं? तुजा बा म्हणून?"
हो म्हणून बसलेय.