बदामी मोटारीवरचा चीक

जळगाव,
२ मे १९५६

चि. सौ. कुंदास,

आबाचे आशीर्वाद. तुझी आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते, पण पापड लाटायचं काही थांबत नाही. मेहरूणकडून वारा सुटला की दुकानात धूळच धूळ. ओल्या रंगावर ती बसली की केलेलं सगळं पाण्यात. उन्हाळा म्हणजे आमच्या धंद्याचा वैरी.

पत्र कामाचं आहे. तुझे लीलाधरराव ज्यांच्याकडे कामाला आहेत, त्या वकीलसाहेबांची बदामी मोटार वीस दिवस माझ्याकडे होती. धुळ्याच्या पेंटरनं हात टेकले. केळीच्या डागांचा माणूस जळगावला आहे असं कुणीतरी सुचवलं, म्हणून इकडे पाठवली. गाडी आणणाऱ्या भटू ड्रायव्हरला आपलं नातं ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

बॉनेटवर दोन्ही अंगांनी चिकाचे काळपट ओघळ होते. तुझ्या लग्नात केळीचे खांब बांधलेले, आणि वर दीड महिना ऊन खाल्लेलं. चीक रंगात मुरला होता. रॉकेलनं निघेना, पॉलिशला दाद देईना. शेवटी वॉटर पेपरनं पाणी मारत मारत पार अस्तरापर्यंत घासलं आणि नवा रंग पंपानं दिला, तोही पहाटे, वारा पडलेला असताना. जुना बदामी उन्हानं पिवळा पडलेला, त्याच्याशी नवा जुळेना. चारदा फसला, पाचव्यांदा जमला. आता वकीलसाहेबांना जोड दाखवा म्हटलं तर सापडायचा नाही.

अगं, पण गाडीला खांब असे बांधतात का? आदल्या दिवशी तोडून उलटे उभे करावेत, चीक निथळू द्यावा, बुडाला गोणपाट गुंडाळावं, मग बांधावेत. तुझ्या चुलतबहिणीच्या, प्रमिलाच्या लग्नात मीच बांधले होते. टिपूस पडला नाही. हे भटूला सांगत होतो, तर तो सहज म्हणाला, “पोरीकडना कोनीच नव्हता, आबा. शहरना लोकेसले केळनं काय माहीत?”

मी कागद भिजवला आणि घासत राहिलो.

जातीबाहेर लग्न केलंस म्हणून मी आलो नाही, असं सगळे धरून चालतात. मीही तसंच सांगत आलो. ते खोटं आहे. मी त्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं धुळ्याला आलो होतो. तुझ्या आईलाही हे माहीत नाही. तुझं लग्न होतं त्या वकीलसाहेबांच्या घरासमोर चहाचं दुकान आहे, तिथं बसलो. दोन माणसं ताजे तोडलेले खांब गाडीला बांधत होती. बॉनेटवर चीक टपटपताना मला रस्त्यापलीकडून दिसत होता. उठून दोन शब्द सांगायचे, एवढंच काम. पण सांगायला गेलो असतो तर कुणीतरी विचारलंच असतं, तुम्ही कोण? त्याचं उत्तर द्यायची माझी छाती झाली नाही. चहा संपवला आणि परतीची गाडी धरली. आत सनई चालू होती.

डाग चिकाचे खरे, पण पाडले मी. फार लाज वाटते, पोरी.

गाडी काल भटू घेऊन गेला. ती पोचवायच्या निमित्तानं यावं असं मनात होतं, पण असं आडून येणं मला पटलं नाही. अक्षय तृतीया, आपली आखाजी, अकरा दिवसांवर आली. लग्नानंतरची तुझी पहिली आखाजी. माहेरी न्यायला मुराळी म्हणून भाऊ जातो, तुला भाऊ नाही. म्हणून मंगळवारी सकाळच्या एस.टी.नं मी येतोय. यायचं की नाही ते तू ठरव, मी जबरदस्ती करणार नाही. लीलाधररावांनी मला कधी पाहिलेलं नाही. दार त्यांनी उघडलं आणि आपण कोण म्हणून विचारलं, तर या खेपेला सांगेन,

कुंदाचा बाप,
निंबा पेंटर